उचकी का लागते?



उचकी लागली की आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘का?’ असा नव्हे, तर ‘कोणी?’ असा. कोणीतरी आठवण काढली असणार, असे गृहीत धरून माहेरच्या, सासरच्या, परगावी राहणाऱ्या माणसांची नावे एकामागून एक घेतली जातात, आणि ज्या नावाला उचकी थांबेल त्याने आपले स्मरण केले असे ठरते. ही समजूत गोड आहे. ती मोडून काढावी असे मला वाटत नाही. मात्र उचकीचा उगम आपल्या शरीरातच असतो, आणि तो ठाऊक असणे प्रसंगी फार उपयोगी पडते.

छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटाच्या आकाराचा एक स्नायूंचा पडदा असतो. त्यास श्वासपटल म्हणतात. श्वास घेताना तो आकुंचन पावून खाली सरकतो, छातीची पोकळी वाढते आणि हवा फुप्फुसांत शिरते. एरवी हे काम संथपणे, तालात चालते. पण श्वासपटलाशी संबंधित मज्जातंतू काही कारणाने चाळवले गेले, म्हणजे हा पडदा एकाएकी झटक्याने आकुंचन पावतो. हवा वेगाने आत येऊ लागते. तोच, सेकंदाच्या सुमारे ३० व्या भागात, कंठातील स्वरतंतू मिटून तिची वाट बंद करतात. धावत येणाऱ्याच्या तोंडावर दार आपटावे, तसाच हा प्रकार होय. त्या आपटण्याचा आवाज म्हणजे उचकी.

या मज्जातंतूंपैकी एक जोडी मानेतून निघून श्वासपटलापर्यंत येते; दुसरी मेंदूच्या तळापासून निघून गळा, छाती आणि जठर यांपर्यंत पोहोचते. म्हणूनच घाईघाईने किंवा तडस लागेपर्यंत जेवल्याने, सोडावॉटर प्यायल्याने, मद्यपानाने, इतकेच काय, मनाच्या क्षोभानेही उचकी लागू शकते. आईच्या उदरातील गर्भासही ती लागते.

उपायांना तोटा नाही. श्वास रोखून धरला असता रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड वाढतो आणि उचकीचा जोर पुष्कळदा ओसरतो. हा उपाय फार जुना आहे. प्लेटोच्या ‘सिंपोझियम’ या ग्रंथात नाटककार ॲरिस्टोफेनीस यास भोजनानंतर उचकी लागते, तेव्हा एक वैद्य त्यास श्वास रोखण्यास, गुळण्या करण्यास आणि तेवढ्याने न भागल्यास शिंक काढण्यास सांगतो. परंतु बहुतेक उचक्या काही मिनिटांत आपोआपच थांबतात. त्यामुळे शेवटी जो उपाय केला असेल त्याला यश मिळते, मग तो पाण्याचा घोट असो की आत्याबाईंचे नाव!

धोका आहे तो येथेच. थांबणाऱ्या उचकीची सवय झाल्यामुळे न थांबणारी उचकीही आपण हसण्यावारी नेतो. आपले प्राचीन वैद्य या बाबतीत अधिक सावध होते. चरकसंहितेत उचकीचा, म्हणजे हिक्केचा, विचार श्वासरोगाबरोबर केला असून तिचे ५ प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांतील काही प्राणघातक मानले आहेत. १९५४ साली पोप बारावे पायस पोटाच्या दुखण्याने गंभीर आजारी झाले, तेव्हा उचकीनेही त्यांना अतिशय छळले. अमेरिकेतील आयोवा राज्यातील चार्ल्स ऑस्बोर्न या गृहस्थांची उचकी तर १९२२ पासून १९९० पर्यंत, म्हणजे ६८ वर्षे चालू होती.

डॉक्टरांनी यासाठी ४८ तासांची मर्यादा घातली आहे. तिच्यापुढे टिकणाऱ्या उचकीमागे मूत्रपिंडाचा विकार, मेंदूचा आघात, छातीतील अथवा पोटातील सूज किंवा गाठ, क्वचित एखादे औषधही असू शकते. अशा वेळी मूळ कारण शोधावे लागते. उचकी आवरणारी औषधेही आहेत, पण ती डॉक्टरांनीच द्यावयाची असतात. उचकीबरोबर बोलणे अडखळू लागले, हातपाय लुळे वाटू लागले, गिळणे कठीण झाले किंवा छातीत दुखू लागले, तर ४८ तास मोजीत न राहता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

घरातील वडीलधारे माणूस दोन दिवस उचकीने हैराण असेल, त्याचे अन्न व झोप तुटली असेल, तर आठवण कोणी काढली याचा शोध पुढे सवडीने करता येईल. आधी डॉक्टरांना गाठावे.