किती मिलिमीटर पावसाला दरड कोसळते?

३० जुलै २०१४ ला माळीण गावावर दरड कोसळली, दीडशेच्या वर माणसं गेली. तेव्हापासून दर पावसाळ्यात हा प्रश्न कानावर येतो, नव्याने संशोधनाकडे वळणारी मुलंही हाच विचारतात. साहजिक आहे. पण पाऊस आपण मोजतो जमिनीच्या वर, आणि डोंगर सुटतो आत, दोन-चार मीटरवर. मधल्या प्रवासातच सगळा खेळ आहे.

आधी एक गैरसमज. पाणी तेलासारखं वंगण होतं म्हणून माती घसरते, असं नाही; कार्ल टेरझागीने ही कल्पना १९५० मध्येच खोडून काढली. मातीचे कण एकमेकांवर दाबून बसतात, म्हणून घर्षण असतं. कणांमधल्या पोकळ्या पाण्याने गच्च भरल्या की वरच्या वजनाचा काही भाग ते पाणीच पेलतं, आणि कणांची एकमेकांवरची पकड सैल होते. हाच छिद्रजलदाब (लॅबमध्ये आम्ही सरळ पोअर प्रेशर म्हणतो). किंचित ओली माती उलट घट्ट असते. वाळूचा किल्ला दमट वाळूचाच उभा राहतो ना!

कागदावर करून बघा. ३० अंशांचा उतार, खडकावर दोन मीटर माती, घर्षणकोन ३५ अंश, चिकटपणा शून्य, माती पाण्याच्या दुप्पट जड. आत पाणी साचलेलं नसताना सुरक्षा गुणांक येतो १.२१. आता खडकावर पाणी साचून उताराला समांतर वाहू लागलं, असं समजा. ते ७० सेंटिमीटर चढलं की गुणांक थेट १. माती काठोकाठ भरायची गरजच नाही! झाडांची मुळं आणि चिकणमाती यांच्यामुळे ही मर्यादा वर सरकते, पण हिशोब तोच.

मग ते ७० सेंटिमीटर साचतं कुठे? अमेरिकेत ओरेगॉनमधल्या कूस बे जवळ संशोधकांनी एका छोट्या खोलगट उतारावर पाणीदाब मोजायच्या नळ्या अक्षरशः पेरल्या होत्या, कृत्रिम पाऊसही पाडला. बरंचसं पाणी मातीतून न वाहता खालच्या भेगाळ खडकात शिरत होतं आणि खाली काही ठिकाणी पुन्हा मातीत वर येत होतं. दाब वाढायचा तो अशाच जागी. नोव्हेंबर १९९६ च्या वादळात तो उतार उपकरणांसकट खाली आला.

शिवाय वेळेचाही प्रश्न आहे. रिचर्ड आयव्हर्सनने २००० मध्ये मांडलं की वरून झिरपणाऱ्या पाण्याचा दाब आणि चढावरून बाजूने येणारं पाणी वेगवेगळ्या गतीने पोचतात. पातळ मातीला एक जोरदार सर पुरते. खोल दरड मात्र पाऊस ओसरल्यावरही सरकू शकते.

म्हणून सह्याद्रीत काम करणार असाल तर पर्जन्यमापकाइतकेच पैसे पिझोमीटरवर खर्च करा. आणि गावात गेल्यावर झऱ्यांबद्दल विचारा: कुठे नवीन झरा फुटलाय का, नेहमीचा झरा गढूळ झालाय का, भर पावसात अचानक आटलाय का?