मुलाखतीच्या समासातील टिप्पण्या : वर्ड-संहितेकडून विश्लेषण-प्रणालीकडे

प्राचीन मराठी ग्रंथांच्या हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्यांना एक अनुभव वारंवार येतो. कोणा वाचकाने समासात स्पष्टीकरणादाखल लिहून ठेवलेली ओळ पुढचा लेखनिक मूळ ग्रंथाचाच भाग समजून संहितेत घेतो; किंवा याउलट, ती निरुपयोगी मानून गाळून टाकतो. पहिल्या प्रकाराने प्रक्षेप निर्माण होतो, दुसऱ्याने त्या ग्रंथाच्या वाचनाचा एक पुरावा नाहीसा होतो. शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये एकनाथांना ज्ञानेश्वरीच्या शुद्धीकरणाचे कार्य हाती घ्यावे लागले, ते प्रतींमागून प्रती होत असताना पाठांत शिरलेल्या अशुद्धीमुळेच. मुलाखतींवर आधारलेल्या आजच्या संशोधनात हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. फरक इतकाच की, येथे लेखनिकाची जागा संगणकाने घेतली आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे स्वरूप आणि त्याच्या निराकरणाचे मार्ग यांचे विवेचन केले आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप

लोकसाहित्य, बोली, रंगभूमी किंवा लेखकाची जडणघडण यांविषयीच्या संशोधनात मुलाखत ध्वनिमुद्रित केली जाते आणि नंतर ती सामान्यतः 'वर्ड'मध्ये लिहून काढली जाते. लेखन चालू असताना किंवा पुढच्या वाचनात संशोधक तिच्या विशिष्ट शब्दांना टिप्पण्या जोडत जातो. पुढे अशा अनेक मुलाखती एन्व्हिवो, अ‍ॅटलास टीआय, मॅक्सक्यूडीए यांसारख्या गुणात्मक विश्लेषणाच्या प्रणालीत आणल्या जातात. तेथे संहितेच्या तुकड्यांना आशयदर्शक संकेत देणे, म्हणजे संकेतन करणे, आणि एका संकेताखालील सर्व तुकडे एकत्र वाचणे शक्य होते. या प्रणालींची परंपरा जुनी आहे. ऑस्ट्रेलियात लिन आणि टॉम रिचर्ड्‌स यांनी १९८० च्या दशकात, तर जर्मनीत उडो कुकार्ट्झ आणि थॉमस मूर यांनी १९८९ च्या सुमारास या दिशेने काम आरंभिले.

महाराष्ट्रातही आशयानुसार वर्गीकरणाचे मोठे उदाहरण आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रियांकडून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या. अक्षर-आकड्यांच्या संकेतांनी त्यांचे विषयवार वर्गीकरण करण्यात आले. बर्नार्ड बेल यांनी त्यांच्या संगणकीय संग्रहाची बांधणी केली. या ओव्या २०१७ पासून 'परी' या संकेतस्थळावर प्रसिद्ध होऊ लागल्या. इतक्या मोठ्या सामग्रीत ओवी, गाणारी स्त्री, गाव आणि संकेत यांचा परस्परसंबंध सुटला, तर संग्रहाचे मोल किती घटेल, हे सांगावयास नको.

२. टिप्पणी कोठे असते?

२००७ पासून वर्डमध्ये रूढ झालेली 'डॉक्सएक्स' ही संचिका वस्तुतः एक गाठोडे असते. त्यात मूळ मजकुराचा भाग वेगळा आणि टिप्पण्यांचा भाग वेगळा असतो. मूळ मजकुरात टिप्पणी ज्या शब्दांविषयी आहे त्यांच्या आरंभी व अखेरीस केवळ खुणा व एक क्रमांक असतो. टिप्पणीचा मजकूर, ती लिहिणाऱ्याचे नाव आणि वेळ या गोष्टी त्याच क्रमांकाने दुसऱ्या भागात नोंदलेल्या असतात. पडद्यावर दोन्ही शेजारी दिसतात, म्हणून ती एकच वस्तू आहे असा भास होतो.

विश्लेषण-प्रणाली ही संचिका आत घेताना केवळ मूळ मजकुराचा भाग वाचत असेल, तर टिप्पण्या मागेच राहतात. संचिका साध्या मजकुरात रूपांतरित केली, तर टिप्पण्यांचा आपल्या शब्दांशी असलेला संबंध तुटतो. टिप्पण्यांसह पीडीएफ करून ती आत घेतली, तर समासातील शब्द निवेदकाच्या वाक्यांमध्ये मिसळण्याचा संभव असतो. म्हणजे जुन्या लेखनिकाचे दोन्ही दोष, गाळणे आणि मिसळणे, येथे क्षणार्धात घडू शकतात. प्रणालीनुसार, किंबहुना एकाच प्रणालीच्या आवृत्तीनुसारही वर्तन बदलते. त्यामुळे टिप्पण्या असलेली एकच संचिका प्रथम आत घेऊन मूळाशी ताडून पाहणे, ही पहिली दक्षता होय.

३. टिप्पण्यांचे चार प्रकार

सर्व टिप्पण्या एकाच योग्यतेच्या नसतात. समजा, ओव्या गाणाऱ्या एका वृद्ध स्त्रीच्या मुलाखतीत पुढील वाक्य आहे : "मग गिरणी आली, जातं पडून राह्यलं. बरंच झालं म्हणायचं." या वाक्याला चार टिप्पण्या जोडता येतील : 'गिरणी' या शब्दाचा उच्चार अस्पष्ट, 'राह्यलं' हे बोलीरूप, राहिलं, 'बरंच झालं' म्हणण्यापूर्वी बराच वेळ स्तब्धता, त्याच वेळी सून आत आली, आणि 'श्रमांतून सुटका, पण गाण्याची जागा गेली'.

पहिली टिप्पणी श्रवणविषयक आहे. ती पाठाच्या निश्चितीशी निगडित असल्याने संहितेतच चौकटी कंसात राहिली पाहिजे. दुसरी अर्थविषयक असून तिचे स्थान त्या शब्दाला जोडलेल्या टीपेत आहे. तिसरी प्रसंगविषयक आहे. तीही संहितेत, परंतु निवेदिकेच्या शब्दांपासून स्पष्टपणे वेगळी दिसेल अशा रीतीने असावी. चौथी विश्लेषणात्मक आहे. तिचे रूपांतर संकेतात किंवा मेमोत व्हावयास हवे.

येथे तिसऱ्या टिप्पणीचे महत्त्व ध्यानात घेतले पाहिजे. ती गळाली, तर 'बरंच झालं' हे निःसंदिग्ध समाधानाचे विधान ठरते आणि यंत्राच्या आगमनाचे स्वागत या संकेताखाली जाऊन बसते. ती राहिली, तर त्याच शब्दांमागचा संकोच, कदाचित दुःखही, विचारात घ्यावे लागते. याउलट, चौथी टिप्पणी चुकून संहितेत मिसळली, तर गाण्याची जागा गेल्याची खंत त्या स्त्रीनेच बोलून दाखविली असे पुढचा वाचक समजेल. एका प्रकारात तिचे मौन हरवते, तर दुसऱ्या प्रकारात तिच्या तोंडी परक्याचे शब्द घातले जातात.

४. स्थलांतराचे मार्ग

टिप्पण्या मोजक्या असतील, तर त्या वाचून प्रणालीत पुन्हा हाताने नोंदविणे सर्वांत सुरक्षित होय. त्यात वेळ जातो, परंतु प्रत्येक टिप्पणीचा पुनर्विचारही होतो.

संख्या मोठी असेल, तर दुसरा मार्ग तक्त्याचा. वर्डमधील छोट्या मॅक्रोच्या साहाय्याने प्रत्येक टिप्पणी, ती ज्या शब्दांना जोडली आहे ते शब्द, लिहिणारा आणि दिनांक अशी यादी तयार करता येते. तिच्यात मुलाखतीचा व परिच्छेदाचा क्रमांक आणि वरील चार प्रकारांपैकी कोणता, याचा रकाना जोडावा. या तक्त्यावरून कोणती टिप्पणी कोठे न्यावयाची हे ठरविता येते, आणि आलेल्या टिप्पण्यांची संख्या मूळाशी जुळते की नाही हेही पडताळता येते.

तिसरा मार्ग टिप्पणी मजकुरातच, परंतु ठरावीक खुणेसह आणण्याचा आहे. उदाहरणार्थ, दुहेरी चौकटी कंस आणि आरंभी 'टिप्पणी' हा शब्द. प्रणालीत त्या खुणेचा शोध घेऊन असे सर्व तुकडे एका संकेताखाली ठेवता येतात. तथापि शब्दांची वारंवारता मोजताना हे तुकडे वगळणे आवश्यक आहे. अन्यथा निवेदकाच्या शब्दसंख्येत संशोधकाचे शब्द मोजले जातील.

कोणताही मार्ग स्वीकारला तरी मूळ वर्ड-संचिका अस्पर्श ठेवावी आणि काम तिच्या प्रतीवर करावे. प्रतीत नोंदलेले फेरबदल आधी स्वीकारून वा नाकारून निकालात काढावेत. नाहीतर खोडलेले शब्दही आत येण्याचा धोका असतो.

५. मराठी संहितेच्या विशेष अडचणी

जुन्या मुलाखती युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेल्या असतील, तर संगणकाच्या दृष्टीने त्यांत देवनागरी अक्षरे नसतातच. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असतात. टंक गळताच संहिता निरर्थक दिसू लागते. म्हणून आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून, मूळ मुद्रित प्रतीशी ताडून मगच ती आत घ्यावी. हे रूपांतर टिप्पण्यांच्या मजकुराचेही करावयाचे असते, ही गोष्ट अनेकदा नजरेतून सुटते.

युनिकोडमध्येही 'दुसऱ्या' या शब्दातील ऱ्य दोन प्रकारे नोंदला जाऊ शकतो. दोन्ही डोळ्यांना सारखे दिसत असले, तरी एका रूपाचा शोध घेताना दुसरे सापडेलच असे नाही. याखेरीज मराठीच्या रूपव्यवस्थेमुळे शब्दशोधाने केलेले संकेतन फसवे ठरते. 'जातं' शोधल्यास दळण्याचे जाते आणि 'जाणे' या क्रियापदाचे बोलीतील रूप, दोन्ही हाती येतात. 'जात्यावर', 'जात्याशी' ही रूपे मात्र निसटतात. आणि 'जात' एवढाच अंश शोधल्यास सामाजिक जातीचे उल्लेखही त्यांत मिसळतात.

६. एक नैतिक बाजू

टिप्पण्यांमध्ये संशोधक मोकळेपणाने लिहितो : निवेदकाचे खरे नाव, दूरध्वनी क्रमांक, घरातील तंटा, स्वतःची शंका. संहितेत नावे बदलली तरी टिप्पण्यांत ती तशीच राहतात. टिप्पण्या दाखविणे बंद केले म्हणजे त्या संचिकेतून जात नाहीत. संचिका दुसऱ्याच्या हाती गेली की त्याही जातात. म्हणून नावे बदलण्याचे काम संहिता आणि टिप्पण्या या दोहोंवर, आणि तेही स्थलांतरापूर्वी झाले पाहिजे.

७. समारोप

मजकूर एका प्रणालीतून दुसरीत नेणे हे वरकरणी तांत्रिक काम दिसते. प्रत्यक्षात ते संपादनाचे काम आहे. चिकित्सक आवृत्तीचा संपादक कोणती ओळ मूळची आणि कोणती समासातली, हे ठरवितो आणि आपला निर्णय नोंदवून ठेवतो. महाभारताच्या भांडारकर संस्थेतील आवृत्तीत (१९१९–१९६६) पाठभेदांना प्रत्येक पानाच्या तळाशी जागा देण्यात आली, ती वाचकाला संपादकाचा निर्णय तपासता यावा यासाठीच. मुलाखतींच्या संशोधकानेही कोणत्या टिप्पण्या कोठे नेल्या आणि कोणत्या वगळल्या, याची एक पानाची नोंद प्रबंधाच्या परिशिष्टात द्यावी. जात्यावर बसून गाणारी स्त्री आपली मुलाखत पुन्हा तपासावयास येणार नाही. तिने उच्चारलेला शब्द, तिचे थांबणे आणि त्यावर दुसऱ्याने लिहिलेली टीप यांतील सीमारेषा राखणे ही सर्वस्वी संशोधकाची जबाबदारी ठरते.