आग्नेयेकडे बघणाऱ्या डिश

सोलापुरात साखर पेठेतल्या किंवा अक्कलकोट रोडवरच्या एखाद्या गच्चीवर मुलांना घेऊन जावं आणि आजूबाजूच्या डिश दाखवाव्यात. डीडी फ्री डिशच्या सगळ्यांची तोंडं आग्नेयेला! ती कधीच का फिरवावी लागत नाहीत, इथून उपग्रहांचा धडा सुरू व्हावा.

त्या ज्याच्याकडे बघतात तो जीसॅट-१५ विषुववृत्ताच्या बरोबर वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहे. पृथ्वी स्वतःभोवती जेवढ्या वेळात फिरते तेवढ्याच वेळात तो तिच्याभोवती फिरतो, म्हणून आपल्याला एकाच जागी दिसतो. सोलापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला, सुमारे ७६ अंश रेखांशावर. नकाशा समोर ठेवला तर आग्नेय दिशा मुलं स्वतःच शोधतील.

दहावीच्या पुस्तकात केप्लरचा तिसरा नियम पहिल्या धड्यात भेटतो आणि उपग्रह दहाव्यात. तोवर नियम विसरलेला असतो. मग नैसर्गिक आणि कृत्रिम उपग्रहांतला फरक तेवढा तक्ता करून पाठ होतो. मला त्या फरकापेक्षा दोघांतलं साम्य फार मोलाचं वाटतं, आणि ते वहीत मांडता येतं.

अंतर पृथ्वीच्या केंद्रापासून धरायचं. जमिनीपासून धरलं की हिशेब बिघडतो. जीसॅट सुमारे ४२ हजार किलोमीटरवर, चंद्र ३ लाख ८४ हजारांवर, म्हणजे नऊ पट लांब. फेरीच्या काळाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. ९ चा घन ७२९, त्याचं वर्गमूळ २७. जीसॅटला एक दिवस, तर चंद्राला २७! प्रत्यक्षातला आकडा २७.३ आहे. हे उत्तर शिक्षकांनी फळ्यावर लिहून देऊ नये. मुलांच्या हातून ते निघालं पाहिजे.

चंद्राची कक्षा इतकी नेमकी ठाऊक असते म्हणूनच त्याच्या सावलीची वाट बघत आधी जाऊन बसता येतं. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणात ती सावली आपल्याच जिल्ह्यातल्या, करमाळा तालुक्यातल्या जेऊरवरून गेली. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी नेगमवाला तिथे वेध घ्यायला आले होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल तर समुद्र ओलांडून आले होते. सारा खटाटोप जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारासाठी. जेऊर स्टेशनवरून पुण्याला जाणाऱ्या किती मुलांना हे माहीत असेल?

नेगमवालांचं ते कॉलेज म्हणजे आजचं सीओईपी. तिथल्या विद्यार्थ्यांनी बनवलेला, जेमतेम किलोभर वजनाचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्हीने श्रीहरिकोट्याहून सुमारे ५०० किलोमीटर उंचीच्या कक्षेत सोडला. पृथ्वीची ६,४०० किलोमीटरची त्रिज्या त्यात मिळवून पुन्हा तेच सूत्र वापरलं की त्याच्या एका फेरीला साधारण ९५ मिनिटं येतात.