गर्भातच लागलेला रोग

आमच्या कतारगामात खानदेशातून आलेली घरे पुष्कळ आहेत. गाय किंवा म्हैस व्याली की पहिल्या चिकाचा खरवस होतो, हे त्या घरांतील लहान मुलांनाही ठाऊक असते. तो चीक वासराला एवढा मोलाचा का, हे डुकरिणीच्या उदाहरणावरून चांगले उमगते.

डुकरीण सुमारे ११४ दिवस गाभण असते. या काळात तिचे रक्त व पिल्लाचे रक्त यांच्यामध्ये वारेचे सहा थर असतात. मनुष्यमातेची रोगप्रतिकारक द्रव्ये वारेतून बाळाला मिळतात; डुकरिणीची मात्र ही आडभिंत ओलांडू शकत नाहीत. गायीचेही बहुतांशी असेच आहे. म्हणून पिल्लू जन्मते ते निःशस्त्र, आणि पहिल्या दिवसात पोटात गेलेला चीक हेच त्याचे चिलखत. नवल असे, की रक्षक जेथे अडतात तेथून काही विषाणू मात्र आत शिरतात!

पुढे काय घडते, हे गर्भाच्या वयावर अवलंबून असते. सुमारे ७० दिवसांपूर्वी पार्व्होविषाणू पोचला तर गर्भ मरतो व वाळून काळा पडतो. त्यानंतर पोचला तर गर्भ स्वतःच प्रतिकार करून बहुधा वाचतो. विषाणू एका गर्भाकडून दुसऱ्याकडे हळूहळू जात असल्यामुळे एकाच वेतात वाळलेली व धडधाकट अशी दोन्ही पिल्ले निपजतात. आई बहुधा आजारी दिसतही नाही.

वराहज्वराची तऱ्हा अधिक घातकी आहे. (हा रोग माणसाला होत नाही.) गर्भावस्थेच्या मधल्या काळात त्याचा विषाणू शिरला तर पिल्लाचे शरीर त्याला परका मानीतच नाही. असे पिल्लू कित्येकदा निरोगी दिसते, महिनोन्महिने कळपात रोग पसरविते आणि अखेर मरते. मालक रोगाचे मूळ बाहेर शोधीत बसतो.

२०१३ साली मिझोराममध्ये डुकरांच्या श्वसन व प्रजननाच्या एका विषाणुरोगाची भारतात प्रथमच नोंद झाली. तोही गाभण डुकरिणीकडून गर्भात जातो. ईशान्येकडील गरीब कुटुंबाची शिल्लक म्हणजे दारचे डुक्कर. तेव्हा गर्भपाताचा अर्थ तेथे निराळा सांगावयास नको.

वराहज्वरावर लस आहे. पूर्वी ती सशांच्या शरीरात वाढवीत व त्यासाठी ससे मारावे लागत. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने आता पेशींत वाढविलेली लस तयार केली आहे. मात्र गर्भातच रोग लागलेल्या पिल्लाच्या रक्तात प्रतिकारक द्रव्ये शोधून उपयोग नसतो. तेथे खुद्द विषाणूच शोधावा लागतो.