मुंबईतील भूमिपुत्र समाजांची समूहकला

मुंबई शहराची वाढ होण्यापूर्वीपासून या परिसरात राहणाऱ्या ईस्ट इंडियन, कोळी आणि वारली समाजांतील कलावंत व रहिवासी आपल्या वस्तीतील सामायिक जागा आणि स्मृती जपण्यासाठी जी कला एकत्रितपणे निर्माण करतात, तिला भूमिपुत्र समाजांची समूहकला म्हणता येते. भित्तिचित्रे, गाणी, सणांची सजावट, तात्पुरती संग्रहालये आणि जुन्या घरांची जपणूक हे तिचे प्रमुख प्रकार आहेत. गिरगावातील खोताची वाडी, ठाण्यातील चेंदणी कोळीवाडा आणि गोरेगावनजीकची आरे वसाहत ही तिची परस्परांहून भिन्न अशी तीन उदाहरणे होत.

समाज आणि संज्ञा

या तीन समाजांची कायदेशीर स्थिती सारखी नाही. वारली ही अनुसूचित जमात आहे. सोनकोळी व ईस्ट इंडियन समाज स्वतःस मुंबईचे भूमिपुत्र म्हणवतात. ईस्ट इंडियन हे मुंबई, साष्टी व वसई भागातील मराठीभाषक ख्रिस्ती होत. नोकरीनिमित्त आलेल्या गोमंतकीय व मंगळुरी ख्रिस्ती लोकांपासून आपली वेगळी ओळख राहावी म्हणून त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, हे नाव स्वीकारले. नावात ‘इंडियन’ असले, तरी त्यांची घरगुती भाषा मराठीची बोली आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचं पाणी’ आणण्याची त्यांची प्रथा प्रसिद्ध आहे. या प्रथेत विहीर आणि तिच्याकडे जाणारा रस्ता ही समारंभाचीच जागा असते.

खोताची वाडी

गिरगावातील ही वस्ती अठराव्या शतकाच्या अखेरीस वसली. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी येथील भूखंड ईस्ट इंडियन कुटुंबांना विकले आणि त्यांच्यावरूनच वाडीस नाव पडले, असे सांगितले जाते. पुढे येथे गोमंतकीय ख्रिस्ती व मराठी हिंदू कुटुंबेही स्थायिक झाली. लाकडी सज्जे, कौलारू छपरे, बाहेरून चढणारे जिने आणि गल्लीकडे उघडणारे ओटे ही येथील घरांची वैशिष्ट्ये आहेत. एके काळी अशी सुमारे ६५ घरे होती. आज त्यांच्या निम्म्याहूनही कमी उरली आहेत.

वाडीतील सार्वजनिक जीवन या रचनेवर अवलंबून आहे. नाताळात ओट्यांवर व सज्जांत टांगलेले कागदी तारे आणि घराबाहेर मांडलेले येशूजन्माचे देखावे गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकास दिसतात. जुन्या घराच्या जागी बहुमजली इमारत आली की ओटा नाहीसा होतो आणि सजावट बंद दाराआड जाते. त्यामुळे येथे घर टिकवणे हे सामायिक जागा टिकवण्यासारखेच ठरते. येथेच वडिलोपार्जित घर असलेले वेशभूषाकार जेम्स फरेरा यांनी वाडीच्या संवर्धनाचा प्रश्न सातत्याने मांडला असून आपले घरही अभ्यागतांसाठी खुले केले आहे.

चेंदणी कोळीवाडा

ठाणे खाडीकाठच्या या कोळीवाड्यात मासेमारी हा पूर्वापार व्यवसाय होता. खाडीतील गाळ व प्रदूषण यांमुळे तो आक्रसला. याच कोळीवाड्यातील शिल्पकार पराग तांडेल यांनी कादंबरी कोळी यांच्यासह ‘तांडेल फंड ऑफ आर्काइव्हज’ हा उपक्रम सुरू केला. सोनकोळी समाजातील गाणी, पाककृती, वस्तू व मौखिक आठवणी यांचे संकलन आणि वस्तीतच तात्पुरत्या संग्रहालयाच्या रूपाने त्यांची मांडणी, असे त्याचे स्वरूप आहे. संग्रह वस्तीत मांडल्यामुळे ज्यांच्या आठवणी आहेत तेच त्याचे पहिले प्रेक्षक आणि दुरुस्ती सुचवणारे जाणकारही ठरतात.

आरे वसाहत

आरेतील पाड्यांत वारली व अन्य आदिवासी कुटुंबे राहतात. वारली चित्रकला मुळात लग्नघराच्या भिंतीवर सुवासिनींनी रेखाटलेल्या चौकाची कला आहे. १९७० च्या दशकात डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे ती कागदावर व कलादालनांत पोहोचली. पुढे हॉटेले, कपडे व भेटवस्तूंवर ती इतकी पसरली की चित्र ओळखीचे झाले आणि चित्रकार समाज अनोळखीच राहिला.

मेट्रो मार्गिका ३ च्या कारशेडसाठी आरेतील झाडे तोडण्यास विरोध झाला, तेव्हा या कलेचा संबंध पुन्हा जमिनीशी जोडला गेला. केलटीपाड्याचे प्रकाश भोईर यांनी ‘स्वदेसी’ या रॅप गटासह २०१९ मध्ये सादर केलेल्या ‘द वारली रिव्होल्ट’ या गीताच्या नावातून १९४५ च्या वारली उठावाचे स्मरण होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने पुढील वृक्षतोड थांबवली. २०२० मध्ये राज्य शासनाने आरेतील सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन म्हणून घोषित करण्याचा निर्णय घेतला. कारशेड मात्र अखेर आरेतच उभारली गेली. याच मार्गिकेवर गिरगाव हेही एक स्थानक आहे.

महत्त्व आणि मर्यादा

शहरातील अन्य भित्तिचित्र-प्रकल्पांत बहुधा बाहेरचा कलावंत भिंत रंगवतो व निघून जातो. समूहकलेत निर्माते त्याच जागेत राहतात. त्यामुळे ‘येथे आम्ही आहोत’ असे विधान तिच्यात अंतर्भूत असते. गावठाणे व कोळीवाडे यांच्या सीमांकनाची मागणी होत असताना जागांची जुनी नावे, वापर व प्रथा यांची अशी नोंद उपयुक्त ठरते.

तथापि चित्र वा गीत हा मालकीहक्काचा दस्तऐवज नव्हे. कलेमुळे वस्ती प्रसिद्ध होते, परंतु त्याच प्रसिद्धीने जागेचे मोल वाढून मूळ रहिवाशांवर जागा विकण्याचा दबावही येऊ शकतो. घरमालकांना दुरुस्तीचा खर्च परवडला नाही, तर खोताच्या वाडीसारखी वस्ती छायाचित्रांत राहील आणि प्रत्यक्षात उरणार नाही. म्हणून कलानिर्मितीच्या जोडीला कायदेशीर संरक्षण, दुरुस्तीसाठी साहाय्य आणि निर्णयप्रक्रियेत रहिवाशांचा सहभाग या बाबीही तितक्याच महत्त्वाच्या ठरतात.