हळद, सोडा आणि मॅटची चकाकी

फोडणीच्या घाईत हळदीचा डबा कलंडतो आणि स्वयंपाकघरातल्या मॅटवर पिवळा सडा पडतो. लगेच धुण्याच्या साबणाचं पाणी ओतलं जातं आणि डाग बघता बघता तांबडाभडक होतो. मॅट जळली, असं वाटून घरातले हबकतात. सांगली आणि तिच्या आसपासचं माधवनगर, बुधगाव हा तर हळदीचाच मुलूख. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मॅट मात्र जळलेली नसते. हळदीतलं कर्क्युमिन क्षारात लाल होतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. साध्या पाण्यानं पुसून लिंबाचे चार थेंब टाकले की तांबडा रंग पुन्हा पिवळा होतो. उरलेला पिवळेपणा उन्हात काही दिवसांत फिका पडत जातो, कारण कर्क्युमिन प्रकाशात टिकत नाही. घाई करून वरून पॉलिशचा हात फिरवला, तर डाग झाकला जात नाही. पारदर्शक थराखाली कोंडला जातो.

पण कोणतं पॉलिश? इथे मूळ घोटाळा नावाचा आहे. रोलमधून कापून मिळणाऱ्या मॅटला अनेक जण सर्रास लिनोलियम म्हणतात. ती बहुतेक वेळा व्हिनाइल, म्हणजे पीव्हीसी असते. खरं लिनोलियम 1860 च्या दशकात इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टननं घडवलं. रंगाच्या डब्यात जवसाच्या तेलावर धरलेली चिवट साय पाहून त्याला ती कल्पना सुचली, असं सांगतात. ज्या जवसाची चटणी भाकरीबरोबर खातात, त्याच्याच तेलात राळ, बुचाचा चुरा आणि लाकडाचा भुसा मिसळून ते मिश्रण तागाच्या कापडावर थापलं जातं. व्हिनाइलचा जन्म पुढचा. कडक पीव्हीसी मऊ आणि लवचीक करण्याची युक्ती अमेरिकेत वॉल्डो सेमन यांना 1926 मध्ये सापडली.

ओळखायचं असेल तर एखादा कोपरा उचलून कड पाहावी. लिनोलियमचा रंग सहसा आरपार असतो आणि पाठीला तागाची वीण दिसते. व्हिनाइलमध्ये छापील नक्षीवर पारदर्शक पापुद्रा असतो.

हा फरक कळला की "जास्त सोडा, जास्त स्वच्छ" ही समजूत किती महागात पडते तेही कळतं. तेल आणि क्षार एकत्र आले की साबण होतो. धुण्याच्या सोड्यानं लिनोलियम वरचेवर घासणं म्हणजे जमिनीचाच हळूहळू साबण करणं. ती निस्तेज होते, रंग बदलतो, पुढे तडे जातात. इथे हळदच उपयोगी पडते. पांढऱ्या सुती चिंधीला हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवावं आणि पुसायच्या द्रावणाचा एक थेंब तिच्यावर टाकावा. चिंधी लाल झाली, तर ते पाणी लिनोलियमपासून लांबच ठेवावं.

व्हिनाइल सौम्य क्षार सोसतं. त्याचं वैर वेगळ्यांशी आहे. मुंग्या-डास जावेत म्हणून पुसण्याच्या पाण्यात रॉकेल टाकण्याची सवय जुन्या घरांत होती. रॉकेल आणि टर्पेंटाइन व्हिनाइलला बाधतात. म्हणून टर्पेंटाइनमध्ये कालवलेलं डबाबंद मेण लिनोलियमवर चालतं, व्हिनाइलवर नाही. दोन्हींना चालेल असं हवं असेल, तर पाण्यात मिसळलेलं अॅक्रिलिक पॉलिश घ्यावं. मात्र हल्लीच्या बऱ्याच रोलवर कारखान्यातूनच पॉलियुरेथेनचा थर येतो. त्यावर पॉलिश नीट धरत नाही, पोपडे सुटतात. अशा मॅटला ओलसर फडका पुरतो आणि पॉलिशचे पैसे वाचतात.

मोझॅकचं पॉलिश करणारा कारागीर बोलावून मॅटही चमकवून घ्यावी, असंही कुणाला वाटतं. शब्द एकच, कामं दोन. मोझॅकला यंत्रावरच्या दगडानं घासून गुळगुळीत करतात, म्हणजे वरचा थर काढतात. मॅटवर थर चढवायचा असतो. तो दगड व्हिनाइलवर फिरला, तर नक्षीच उडून जाईल.

सांगलीशेजारचं मिरज दवाखान्यांसाठी ओळखलं जातं. कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या लखलखीत शस्त्रक्रियागृहाची जमीन पाहून घरीही तसंच पॉलिश हवं, अशी इच्छा होणं साहजिक आहे. पण तिथली जमीन अनेकदा स्थितिक वीज जमिनीत उतरवणाऱ्या व्हिनाइलची असते. पूर्वी भुलीसाठी ईथर वापरत, तेव्हा एका ठिणगीनं भडका उडण्याची भीती असे. आता नाजूक उपकरणांची काळजी असते. साधं पॉलिश वीज अडवतं, म्हणून अशा जमिनीवर ते लावतच नाहीत. तिथली चकाकी रोजच्या पुसण्याची आणि यंत्रानं केलेल्या घासणीची असते.

घरी अॅक्रिलिक लावायचंच ठरलं, तर जुना थर आधी निघायला हवा, नाहीतर थरावर थर साचून मॅट पिवळी दिसू लागते. थर काढणारी द्रावणं तीव्र क्षारांची असतात, तेव्हा लिनोलियमसाठी खास केलेलं सौम्य द्रावण मागावं. मग स्वच्छ पाण्यानं पुसून, पूर्ण वाळू देऊन पातळ हात द्यावा. जाड एका हातापेक्षा पातळ दोन हात बरे. दोन हातांमध्ये साधारण अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा. पावसाळ्यात, हवा दमट असते तेव्हा, त्याहून जास्त. बोट लावून चिकट लागलं, तर पंखा सुरू ठेवून अजून थांबावं, आणि तोवर पोरांना दुसऱ्या खोलीत खेळायला लावावं.