चार्ल्सटनची तोफ आणि वऱ्हाडातली पऱ्हाटी

12 एप्रिल 1861 च्या पहाटे अमेरिकेतल्या चार्ल्सटन बंदरात फोर्ट सम्टर या किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि तिथल्या यादवी युद्धाला तोंड फुटलं. मुंबई आणि लंडन यांना जोडणारी तार तेव्हा नव्हती; ती यायला अजून चार वर्षं होती. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या कानावर चार्ल्सटन हे नाव पडण्याचं काहीच कारण नव्हतं. तरीही पुढच्या दोन-तीन हंगामांत वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातेत कापसाचा पेरा वाढत गेला. कापूस लादलेल्या बैलगाड्यांची रीघ बाजारगावांकडे लागली. मुंबई बंदरातून पूर्वी कधी गेला नव्हता एवढा कापूस इंग्लंडला जाऊ लागला.

यात नवल असं, की हे हुकमाने झालं नव्हतं. हुकूम, आर्जवं, बक्षिसं हे सगळं आधीच करून झालं होतं. हिंदुस्थानात कापूस वाढावा, त्याचा धागा लांब व्हावा म्हणून इंग्रज राज्यकर्ते आणि मँचेस्टरचे गिरणीवाले कित्येक वर्षं धडपडत होते. 1840 च्या सुमारास त्यांनी खुद्द अमेरिकेतून कापसाचे जाणकार मळेवाले आणून इथे प्रयोग केले. धारवाडकडे थोडं यश आलं, बाकी ठिकाणी शेतकऱ्यांनी फारशी दाद दिली नाही. साम्राज्याला जे साधलं नाही ते एका आकड्याने साधलं. तो आकडा म्हणजे कापसाचा भाव.

त्या भावाचा प्रवास असा झाला. इंग्लंडच्या गिरण्यांत पिंजल्या जाणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून येई. लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. लँकेशायरच्या गिरण्यांतला साठा उतरू लागला तसे लिव्हरपूलचे दलाल जो मिळेल त्या कापसाला जास्त पैसे मोजायला तयार झाले. एरवी ते ज्याला नाकं मुरडत त्या आखूड धाग्याच्या, कचरा मिसळलेल्या हिंदी कापसालाही आता गिऱ्हाईक मिळालं. बातमी बोटीने मुंबईला आली, मुंबईच्या पेढ्यांतून खामगाव-अमरावतीच्या अडत्यांकडे गेली आणि अडत्याने दारात आलेल्या शेतकऱ्याला एवढंच सांगितलं की भाव चढला आहे. युद्ध कुणाचं, कशासाठी, किती दिवस चालेल, यातलं काही कळण्याची त्याला गरज नव्हती. ज्वारीच्या रानात पऱ्हाटी लावावी की नाही, हे ठरवायला लागणारी सगळी माहिती त्या एका आकड्यात होती.

फ्रीडरिख हायेक या अर्थशास्त्रज्ञाने 1945 साली लिहिलेल्या एका निबंधात हेच कोडं उलगडलं आहे. त्याचं उदाहरण कथिलाचं होतं. जगात कुठेतरी कथिलाला नवा उपयोग सापडला किंवा एखादी खाण बंद पडली, तर कथील वापरणाऱ्या लाखो लोकांना त्यातलं कारण कळत नाही, तरी ते सगळे काटकसर करू लागतात. माझं रान काळं आहे की भरड, घरात वेचणीला हात किती, सावकाराचा हप्ता केव्हा, ही माहिती ज्याची त्याच्यापाशी असते. ती कुठल्याही दप्तरात गोळा करता येत नाही, कारण तिचा मोठा भाग माणसाला शब्दांत सांगताच येत नाही. पण तो माणूस या भावाला विकायचं की थांबायचं हे ठरवतो, तेव्हा ती सगळी माहिती त्याच्या होकार-नकारातून बाजारात उतरते.

या नकाराकडे आपलं लक्ष कमी जातं. विदर्भात डिसेंबर-जानेवारीत कापूस पिकवणाऱ्या एखाद्या घरी गेलात तर एक अख्खी खोली आढ्यापर्यंत कापसाने भरलेली दिसेल. माणसं ओसरीवर निजतील, पण कापूस आत राहील. त्या कापसाने अंगाला खाज सुटते, आगीची भीती असते, उंदीर लागतात. तरी तो ठेवलेला असतो, कारण घरधन्याने आजच्या भावाला नाही म्हटलेलं असतं. अशा हजारो घरांतले नकार मिळून बाजारात आवक किती येणार हे ठरतं, आणि त्यावरून भाव. ज्याला नाही म्हणण्याचा हक्क आहे, त्याच्याच होकाराला किंमत असते. मुक्त बाजार म्हटलं की आपल्याला नफा, स्पर्धा, भांडवल हे शब्द सुचतात. मला त्याच्या मुळाशी हा साधा हक्क दिसतो.

म्हणूनच 1861 पूर्वीचा अमेरिकन कापूस स्वस्त का होता हे विसरून चालत नाही. 1860 च्या शिरगणतीनुसार अमेरिकेत सुमारे 40 लाख माणसं गुलाम होती, आणि दक्षिणेचा कापूस मुख्यतः त्यांच्या हातून वेचला जात होता. त्यांना मजुरी नाकारता येत नव्हती, मळा सोडता येत नव्हता, स्वतःचं मूल विकायला काढलं तरी अडवता येत नव्हतं. लिव्हरपूलच्या बाजारात लिलाव होत होते, दलाल होते, स्पर्धा होती. पण त्या भावात 40 लाख माणसांचा नकार मोजलेलाच नव्हता. असल्या बाजाराला मुक्त म्हणणं हा शब्दाचा अपमान आहे. मँचेस्टरच्या कामगारांना हे कळलं होतं. कापूस नाही म्हणून गिरण्या बंद, घरात चूल पेटायची पंचाईत, अशा स्थितीत 1862 च्या अखेरीस त्यांनी सभा घेऊन लिंकनला पाठिंब्याचं पत्र धाडलं, आणि जानेवारी 1863 मध्ये लिंकनने त्यांना आदराने उत्तर लिहिलं. ज्यांचं पोट त्या स्वस्त कापसावर होतं, त्यांनीच तो तसा नको म्हणून सांगितलं.

एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेच्या फौजा शरण आल्या. भाव कोसळला. मुंबईत तेजीच्या पैशावर उभ्या राहिलेल्या बँका आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात धडाधड बुडाल्या. शेतकऱ्यावरची आपत्ती सावकाशीने आली. तेजीच्या काळात सढळ हाताने मिळालेलं कर्ज मंदीत फेडायचं होतं, त्यात सरकारने सारा वाढवला. 1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांच्या वह्या जाळण्यापासून जे दंगे सुरू झाले, त्यांच्या कारणांत इतिहासकार या दोन्ही गोष्टी मोजतात. भाव खरी बातमी सांगतो, पण ती दयाळू असेलच असं नाही. बाजाराची बाजू घेणाऱ्याने हे मोकळेपणाने म्हटलं पाहिजे.

मग सरकारने करायचं काय? याचं उत्तर मला वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा गावात सापडतं. हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकमाने 1886 साली कारंज्याला कापसाचा बाजार नियमाखाली आणला गेला. हिंदुस्थानातला तो पहिला नियंत्रित बाजार मानला जातो. 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदाच झाला. मँचेस्टरला निर्भेळ कापूस हवा होता हा त्यामागचा हेतू उघड आहे, पण शेतकऱ्याचंही त्यात हित होतं. जुन्या बाजारात सौदा रुमालाखाली व्हायचा. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत आणि ज्याचा माल, तो शेजारी उभा राहून नुसता रुमाल बघत असे. मग वजनात कडता, नमुन्याच्या नावाखाली ओंजळभर, धर्मादाय म्हणून आणखी थोडं. नियंत्रित बाजाराने वजन तपासलेलं हवं, दलाली ठरलेली हवी, सौदा उघड हवा असे दंडक घातले.

इथे सरकारने भाव ठरवला नाही. भाव ज्या रुमालाखाली दडला होता तो रुमाल काढला, आणि शेतकऱ्याचा नकार खरा केला; कारण ज्याला भावच ठाऊक नाही तो नाही कशाला म्हणणार? नियमाचं काम इथवर आहे, असं माझं ठाम मत आहे. खरं माप, उघडी बोली, वेळेवर पैसा, फसवणुकीला शिक्षा. या नियमांनी बाजार मोठा होतो.

महाराष्ट्राने 1971 साली कायदा केला आणि 1972 पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. ही गोष्ट कारंज्याच्या अगदी उलट होती. हेतू चांगला होता. व्यापारी लुटतात, तेव्हा सरकारनेच सगळा कापूस हमीभावाने घ्यावा आणि नफा झाला तर तोही शेतकऱ्याला वाटावा. पण त्यासाठी अट अशी, की शेतकऱ्याने कापूस फक्त सरकारी यंत्रणेलाच विकायचा. व्यापाऱ्याला नाही, राज्याबाहेरही नाही. स्वतःच्या रानात पिकवलेला, स्वतः वेचलेला कापूस सीमेपलीकडे नेला तर तो गुन्हा.

घटनेत हे कसं बसतं? कलम 301 सांगतं की देशभर व्यापार मोकळा राहील, आणि कलम 19 प्रत्येक नागरिकाला धंदा-व्यापाराचं स्वातंत्र्य देतं. पण 1951 सालच्या पहिल्याच घटनादुरुस्तीने कलम 19 मध्ये सोय करून ठेवली, की सरकार एखादा व्यापार स्वतःकडे घेऊन नागरिकांना त्यातून पूर्ण वा अंशतः वगळू शकतं. घटना लागू होऊन दीड वर्षही झालं नव्हतं. शेतकऱ्याच्या हक्काला त्या दिवशी पडलेली ही चीर मला फार मोठी वाटते.

पुढे जे झालं तसा प्रयोग कुठल्याही अर्थशास्त्रज्ञाला मुद्दाम मांडता आला नसता. एकच काळी जमीन, एकच पाऊस, एकच पऱ्हाटी, आणि मधोमध राज्याची सीमा. इकडे वरूड, पलीकडे मध्य प्रदेशातलं पांढुर्णा. इकडे पांढरकवडा, पलीकडे आदिलाबाद. शिरपूरकडून वर गेलं की सेंधवा. ज्या वर्षी पलीकडे भाव जास्त, त्या वर्षी कापूस रात्री सीमेपार जायचा. ज्या वर्षी पलीकडे भाव पडलेला, त्या वर्षी बाहेरचाच कापूस हमीभावासाठी आत यायचा. म्हणजे तेजीत योजनेला माल मिळायचा नाही आणि मंदीत न मागितलेला येऊन पडायचा. नाक्यावरच्या शिपायाला तो कसा अडवता येणार? बातमी आधीच पोहोचलेली असे, आणि माल तिच्या मागे जायचा.

संकलन केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागत. ग्रेडर ज्या प्रतीत कापूस घालील ती प्रत. पटली नाही तर दुसरा खरेदीदार नाही. चुकारे हप्त्यांनी मिळत. शेतकरी नाही म्हणू शकत नव्हता, म्हणून ग्रेडरला हो म्हणवून घेण्याची गरजच उरली नव्हती. योजनेचा तोटा वाढत वाढत डोंगराएवढा झाला आणि या शतकाच्या आरंभी खाजगी व्यापाराला वाट मोकळी करावी लागली.

शरद जोशींनी हे शेतकऱ्याच्या बोलीत मांडलं. टपाल खात्यातला, पुढे स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या जागतिक टपाल संघात काम केलेला हा अधिकारी नोकरी सोडून परतला, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन स्वतः शेती करू लागला, आणि शेतीचा जमाखर्च का जुळत नाही याचा शोध घेत थेट सरकारच्या धोरणापाशी पोहोचला. अनुदानाचा गाजावाजा होतो, पण भाव पाडण्याचे सगळे उपाय जमेस धरले तर सरकार शेतकऱ्याला देत नसून त्याच्याकडून घेत असतं. या हिशेबाला ते उणे सबसिडी म्हणत. विदर्भातल्या सभांत हजारो कापूसवाल्यांना त्यांनी हा अर्थशास्त्राचा धडा समजावून दिला, आणि लोक तो तासन्‌तास ऐकत.

ही गोष्ट इतिहासजमा झालेली नाही. 5 मार्च 2012 रोजी केंद्राने अचानक कापसाच्या निर्यातीवर बंदी घातली. ओरड झाल्यावर आठवडाभरात ती मागे घ्यावी लागली. फेब्रुवारी 2021 मध्ये आयात कापसावर शुल्क बसलं, ते ऑगस्ट 2025 मध्ये गिरण्यांसाठी तात्पुरतं उठलं आणि आपला शेतकरी संतापला. इथे माझीही परीक्षा आहे. निर्यातबंदी चुकीची म्हणायची आणि आयात शुल्क मात्र हवं म्हणायचं, हे एका तत्त्वात बसत नाही. गिरणीवाल्यालाही आपल्या पैशाने कुठलाही कापूस घ्यायचा तोच हक्क आहे.

पण बाहेरून येणाऱ्या कापसाचा भाव तरी खरा आहे का? अमेरिकी सरकार आपल्या कापूसवाल्यांना मोठं अनुदान देतं. त्याविरुद्ध ब्राझीलने 2002 साली जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला, आणि 2005 मध्ये अपिलातही निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला. ज्या देशातून एकेकाळी गुलामांच्या कष्टाने स्वस्त झालेला कापूस यायचा, तिथून आता सरकारी तिजोरीने स्वस्त केलेला कापूस बाजारात उतरतो. यवतमाळच्या शेतकऱ्याच्या मोबाइलवर न्यूयॉर्कचा वायदा सेंटमध्ये आणि राजकोटचा भाव रुपयांत सकाळीच येऊन पडतो. तो दोन्ही पाहतो, सरकीचा दर विचारतो, घरातल्या ढिगाकडे एकदा बघतो आणि गाडी आज भरायची की नाही हे ठरवतो.